मामा, हिरवा दिवा लागलाय का?

पूर्वी घरचा फोन बंद पडला की तक्रारीसाठी 198 फिरवायचा असे. कुठून फिरवायचा, ते ज्याचं त्याने बघायचं. बंद फोनवरून 198 लागत नसे. मग शेजारी जायचं, काकूंनी फोनवर घातलेलं क्रोशाचं झाकण अलगद काढायचं आणि 'आमचा फोन डेड आहे' असं पलीकडच्या माणसाला ओरडून सांगायचं. तो विचारायचा, "कुठल्या नंबरवरून बोलताय?" काकूंचा नंबर सांगितला की म्हणायचा, "हा तर चालू आहे." त्याची समजूत पटून डॉकेट नंबर मिळेपर्यंत काकूंचं पोहे भिजवून होत असे. पावसाळ्यात काकूंचाही फोन डेड असायचा, कारण दोन्ही घरांची केबल एकाच खड्ड्यातून आलेली. मग वाण्याचं दुकान, तिथेही नसेल तर पोस्ट.

टेलिफोनच्या देखभालीचं तत्त्व तिथेच कायमचं ठरून गेलं. फोन दुरुस्त व्हायचा तर आधी एक चालू फोन पाहिजे. पुढे यंत्रं बदलली, खात्याची महामंडळं झाली, तत्त्व मात्र जागचं हललेलं नाही. आमच्या धंद्यात हल्ली त्यालाच रिमोट सपोर्ट म्हणतात.

आमचा धंदा म्हणजे ऑफिसं, हॉस्पिटलं, साखर कारखाने यांच्या आतल्या टेलिफोन यंत्रणा सांभाळणं. रिसेप्शनवरच्या ताई 'एक मिनिट हं, जोडून देते' म्हणून तुम्हाला सनईच्या स्वाधीन करतात ना, ती यंत्रणा. पूर्वी हा ईपीएबीएक्स नावाचा खोका भिंतीवर असायचा. बिघडला की आमचा माणूस खांद्याला बॅग, बॅगेत क्रोन टूल आणि टेस्टिंगचा हँडसेट घेऊन एसटीने जायचा, टॅग ब्लॉकमधली मेलेली पाल काढायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचा. पाल हा विनोद नव्हे. सर्किट उबदार असतं, पालीला ऊब आवडते आणि तिचे पुढचे पाय एका पिनेवर नि मागचे दुसऱ्या पिनेवर पडले की अख्ख्या अकाउंट्स खात्याची लाइन जाते. रिमोटने पाल निघत नाही, ही आमच्या धंद्याची पहिली मर्यादा.

मग खोक्याला मोडेम आला. लांबून मोडेमला फोन लावायचा, तो कर्कश किंचाळला की आपण आत. फक्त हा मोडेम जोडलेला असे त्याच खोक्याच्या एखाद्या एक्स्टेंशनवर. खोका ठणठणीत असेल तेव्हा मोडेम लगेच उचलायचा. खोका आजारी पडला की मोडेमही त्याच्याबरोबर आडवा. ज्यांना हे कळलं त्यांनी मोडेमसाठी स्वतंत्र डायरेक्ट लाइन घेतली. वर्षभर सुखाचं गेलं. मग अकाउंटंटच्या लक्षात आलं की एका लाइनचं भाडं दरमहा जातंय आणि तिच्यावरून कोणी फोन करत नाही. लाइन सरेंडर झाली. ज्यांच्याकडे सरेंडर झाली नाही त्यांच्याकडे तिला फॅक्स लागला. आम्ही रात्री मोडेम समजून फोन लावायचो आणि पलीकडे कागद सरसरत बाहेर यायचा.

आता भिंतीवरचा खोका गेला आणि त्याच्या जागी सर्व्हर आला. आत बहुतेक वेळा ॲस्टेरिस्क नावाची मोफत प्रणाली असते. ती लिहिणाऱ्या मार्क स्पेन्सरचं 1999 साली अमेरिकेत लिनक्सवाल्यांना मदत पुरवण्याचं छोटंसं दुकान होतं. लोकांचे फोन घ्यायला त्याला एक्स्चेंज हवं होतं. किंमत ऐकल्यावर त्याने विकत घेण्याचा विचार सोडला आणि घरीच लिहून काढलं. मदत पुरवणाऱ्याला स्वतःच्या फोनचे पैसे परवडत नाहीत, ही परिस्थिती आम्हाला ओळखीची वाटते. आम्ही मात्र तिच्यातून काही लिहून काढलं नाही.

सर्व्हर आल्यावर सगळे म्हणाले, आता काय, पुण्यात बसून सांगलीचा फोन दुरुस्त होईल. होतोही. मात्र सांगलीत खोक्यापाशी कोणीतरी उभं असावं लागतं.

एक्स्चेंजमधून माणूस काढून टाकण्याची कल्पना प्रत्यक्षात आणली ती अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्या एका गृहस्थाने. हे आल्मन स्ट्रोजर अमेरिकेत कॅन्सस सिटीला राहायचे. असं सांगतात की गावातल्या टेलिफोन ऑपरेटर बाई त्यांच्या धंद्यातल्या प्रतिस्पर्ध्याच्या सौभाग्यवती होत्या. शोकाकुल मंडळी फोनवर स्ट्रोजर यांना मागत आणि बाई जोडून देत आपल्या यजमानांना. गोष्ट खरी असो नसो, त्यांनी बाईंशिवाय चालणारं एक्स्चेंज शोधून काढलं हे खरं. 1891 मध्ये पेटंट मिळालं आणि 1892 मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झालं. बाई गेल्या. तेव्हापासून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ जग टेलिफोनमधून माणूस काढतंय, आणि शेवटी उरलेत वॉचमन मामा.

गळीत हंगामातल्या एका रात्री एका कारखान्याचे सगळे फोन एकदम गेले. वजनकाट्याला गव्हाण लागत नाही, गव्हाणीला इंजिनिअर लागत नाही, उसाच्या गाड्या पार फाट्यापर्यंत. आमचा इंजिनिअर पुण्यात लॅपटॉप उघडून बसलेला आणि सर्व्हर काही केल्या भेटेना. अशा वेळी शेवटचा उपाय म्हणून गेटवर मोबाइल लावतात.

"मामा, सर्व्हर रूममध्ये जाऊन बघता का जरा?"

"सर्वर रूम म्हंजी?"

"जिन्याखालची खोली हो. फोनची पेटी आहे ती."

"आस्सं, झाडूची खोली म्हना की."

तिला सर्व्हर रूम म्हणणारे जगात दोघंच, आम्ही आणि आमचं कोटेशन. एरवी तिथे झाडू, फिनेलचे कॅन, मागच्या निवडणुकीचे फ्लेक्स आणि सत्यनारायणाचा चौरंग असतो. चौरंगावर सर्व्हर.

"मामा, पेटीवर दिवे दिसतायत का?"

"दिसत्यात की. लई हायत. दिवाळीच हाय हितं."

"डावीकडून तिसरा बघा. हिरवा लागलाय का?"

"माज्या डावीकडनं का पेटीच्या?"

आमच्या प्रशिक्षणात हा प्रश्न कोणी शिकवलेला नव्हता. मामांनी आयुष्यभर ट्रॅक्टर मागे घेणाऱ्यांना हात दाखवलेत. डावं-उजवं कुणाचं, हे आधी ठरवल्याशिवाय भिंती पडतात हे त्यांना पक्कं ठाऊक.

"तुमच्या डावीकडून, मामा."

"तांबडा हाय. मिचकावतोय."

"आता मागे एक निळी वायर असेल, ती हलवून बघा."

"मागं चार निळ्या हायती."

"जिच्यावर कागदाची चिठ्ठी आहे ती."

"चिठ्ठी खाली पडलीया. कंच्या वायरीची ते तिला बी म्हाईत न्हाई."

इंजिनिअर गप्प. मामाही गप्प. फोनवर नुसता कारखान्याचा घोंगावणारा आवाज. मग मामाच म्हणाले, "साहेब, एक इचारू? त्या वरच्या डब्याचा पिलग कुनीतरी काडून मोबाइल लावलाय चार्जिंगला. त्यो लावू का परत?"

वरचा डबा म्हणजे राउटर. मामांनी प्लग लावला, तिसरा दिवा हिरवा झाला, पुण्यात सर्व्हर भेटला आणि गव्हाणीला वजनकाटा लागला. त्या रात्रीच्या सर्व्हिस रिपोर्टवर 'नेटवर्क कनेक्टिव्हिटी रिस्टोअर्ड रिमोटली' असं लिहिलंय. मोबाइल कोणाचा होता हे मामांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पुढे कधीतरी त्याच नंबरवर फोन करायचा होता.

सर्व्हर भेटला म्हणजे आत जाता आलं असं नव्हे. आत जायचा रस्ता एसएसएच नावाचा. 1995 साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कोणीतरी नेटवर्कवर कान लावून लोकांचे पासवर्ड पळवले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी तो लिहिला. या वाटेवरून जाणारं सगळं कुलूपबंद असतं, मधल्या कोणाला चकार शब्द कळत नाही. तातूंनी त्यासाठी 22 नंबरचा दरवाजा मागितला आणि त्यांना तो मिळालाही. एवढा बंदोबस्त एका माणसाने केला, आणि आपण त्या दरवाजाचा पासवर्ड मोबाइलवर, लग्नाच्या मांडवातून, बँडच्या आवाजात मागवतो. कारण पासवर्ड फक्त मोठ्या साहेबांना माहीत असतो आणि फोन बंद पडतात तेव्हा मोठे साहेब नेहमी लग्नात असतात.

साहेब मांडवातून टाइम ऑफिसला सांगणार, टाइम ऑफिस आम्हाला.

"लिहून घ्या. बी मोठा."

"बी की डी?"

"बी फॉर बॉम्बे."

बॉम्बेची मुंबई होऊन सुमारे तीन दशकं झाली, पण पासवर्ड सांगताना प्रत्येक मराठी माणूस क्षणभर बॉम्बेला परत जातो. त्याला इलाज नाही. एम फॉर मुंबई म्हटलं की पासवर्ड बदलतो.

"पुढे?"

"पुढे ॲट द रेट."

"रेट काय?"

"अहो, रेट नाही. ॲट द रेट."

"तेच विचारतोय. रेट अजून जाहीर कुठे झालाय? आंदोलन चालू आहे."

उसाच्या पट्ट्यात ते चिन्ह कधीच सुरळीत पार पडत नाही. तोपर्यंत आमच्या पोराने दोनदा चुकीचा पासवर्ड मारलेला असतो. तिसऱ्यांदा चुकला की 'हा चोर आहे' असं ठरवून सर्व्हर त्याचा पत्ताच बंद करून टाकतो. सर्व्हरवर ही शिस्त बसवणारी प्रणाली आम्हीच बसवलेली असते, तिचे वेगळे पैसेही लावलेले असतात. मग स्वतःच्या कुलपाबाहेर बसून शेजाऱ्याचं इंटरनेट मागायचं. म्हणजे पुन्हा काकूंकडे जाणं आलंच, फक्त क्रोशाच्या झाकणाऐवजी आता वायफायचा पासवर्ड.

आत गेल्यावर तरी सुखाने बसावं, तर तेही नाही. लांबच्या सर्व्हरवर काम करणं म्हणजे कालिदासाची फांदी. ज्या फायरवॉलमधून आत आलो तिचीच दुरुस्ती करायची, आणि एक ओळ इकडची तिकडे झाली की फांदीसकट खाली. पडदा गोठतो. आपण एंटर दाबत राहतो. मग दुसऱ्या खिडकीत पिंग लावतो आणि 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' ही ओळ पुन्हा पुन्हा उमटताना बघत बसतो. त्या वेळी इंजिनिअरशी कोणी बोलू नये. चहासुद्धा न विचारता ठेवून जावं.

यावर शहाण्या लोकांनी तोड काढली आहे. काही राउटरांना असं सांगता येतं की मी आता एक बदल करतोय. दहा मिनिटांत मी परत येऊन 'ठीक आहे' म्हटलं नाही, तर मी पडलो असं समज आणि सगळं होतं तसं कर. यंत्राने यंत्रावर न विसंबता माणसाची खुशाली विचारावी अशी एवढी एकच सोय आमच्या धंद्यात आहे. तरुण पोरं ती वापरत नाहीत. त्यांचा स्वतःवर विश्वास असतो.

आणि हे फक्त जिन्याखालच्या खोल्यांत घडतं असं समजू नका. 4 ऑक्टोबर 2021 ला, आपल्याकडे सोमवारी रात्री, फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम एकदम गेले. नेहमीच्या देखभालीत कोणीतरी एक कमांड दिली होती, आणि तिने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तोडलं. अशी कमांड अडवायला ठेवलेल्या तपासनीस प्रणालीत नेमका त्या दिवशी दोष निघाला. बाहेरून आत जायचा रस्ता त्याच जाळ्यातून, आतली अवजारंही त्याच जाळ्यावर. शेवटी माणसं पाठवली. तिथे पोचल्यावर कळलं की ती जागा कोणालाही सहज आत शिरता येऊ नये अशीच बांधलेली, आणि आत शिरलं तरी यंत्रांना सहज हात लावता येऊ नये अशी केलेली. झाडूची खोली असती तर मामांनी केव्हाच उघडली असती. सहा तास गेले. इकडे महाराष्ट्रातले 'शुभ रात्री'चे फुलांसकटचे संदेश अडकून राहिले आणि पहाटे 'शुभ प्रभात'च्या गर्दीत येऊन धडकले.

त्याहून मासलेवाईक प्रकार कॅनडाचा. 8 जुलै 2022 ला रॉजर्स या तिथल्या मोठ्या कंपनीचं जाळं एका चुकीच्या बदलाने कोसळलं. एक कोटीहून जास्त ग्राहकांचे फोन आणि इंटरनेट बंद, दुकानांतली डेबिट कार्डं बंद. दुरुस्तीसाठी आत जायचा रस्ता त्याच कोसळलेल्या जाळ्यावर उभा होता, आणि दुरुस्ती करणाऱ्या माणसांचे मोबाइल रॉजर्सचेच. म्हणजे टेलिफोन कंपनीला आपल्याच इंजिनिअरांना टेलिफोन करता येईना. ज्या थोड्यांना आपत्काळासाठी दुसऱ्या कंपनीची सिमकार्डं दिलेली होती, त्यांच्यावर सुरुवातीला भागवावं लागलं. आमचा वाणी हे ऐकून म्हणाला असता, अहो, मग आमच्याकडे यायचं ना.

तिथे मोठ्या चौकशीतून निष्कर्ष निघाला की देखभालीचं जाळं मुख्य जाळ्यापासून वेगळं असावं. अकाउंटंटने सरेंडर केलेली लाइन ती हीच.

या सगळ्यात सर्व्हरकडे सर्वात नियमितपणे लक्ष देणारी मंडळी कोण, तर चोर. टेलिफोन सर्व्हरचा 5060 नंबरचा दरवाजा उघडा टाकून इंटरनेटवर ठेवा. चहा गाळून होईपर्यंत कुठल्या तरी अनोळखी देशातून विचारपूस सुरू होते: 100 नंबरचं एक्स्टेंशन आहे का? 101? पासवर्ड 100 च आहे का? दिवसरात्र, सणवार न बघता. आमच्या एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, माणूस तीन महिन्यांतून एकदा यायचा असतो आणि तोही फोन करून 'सगळं ठीक ना' एवढंच विचारतो. हे लोक सणासुदीला तर हमखास येतात, कारण त्यांना हवा असतो शुक्रवारी संध्याकाळनंतरचा वेळ, ऑफिस बंद असताना. आत शिरले की तुमच्या लाइनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांना फोन लावत राहतात. त्या नंबरांच्या कमाईत त्यांचा वाटा असतो. सोमवारी ऑफिस उघडतं तेव्हा सर्व्हर नीट चालू असतो, एकही तक्रार नसते. दोन दिवस त्याला कोणी बंद पडू दिलेलं नसतं.

एवढं करून बिलाची वेळ येते. तोच खरा प्रसंग.

"इंजिनिअर आला होता का?" अकाउंटंट विचारतात.

"नाही, लांबूनच काम झालं."

"आला नाही, मग व्हिजिट चार्ज कसला?"

"व्हिजिट नाही, रिमोट सपोर्टचा चार्ज आहे."

"गेटचं रजिस्टर बघितलं मी. एंट्री नाही. चहाच्या वहीतही नाही."

या माणसाचं चुकतं असंही म्हणवत नाही. त्याच्याकडे ऑडिटर येतो. बंद पडलेले फोन चालू झाले, म्हणजे कोणीतरी काहीतरी केलं असणार, हे त्यालाही मान्य असतं. पण गेटवर नोंद नाही, जेवणाचं कुपन नाही, वाहन नाही, मग व्हाउचरला जोडायचं काय? आमच्या दुकानातल्या पोरांनी पडद्यावरच्या सगळ्या कमांडची प्रिंट काढून जोडून बघितली. ती इंग्रजीत असल्यामुळे शेतकी खात्याकडे अभिप्रायासाठी गेली.

आमच्यातले एक जुने इंजिनिअर आहेत, एसटीच्या काळातले. त्यांनी यावर कायमचा उपाय काढलाय. सकाळी घरी आंघोळीआधी लॅपटॉप उघडतात, सर्व्हरमध्ये शिरून दोष काढतात, फोन चालू झाल्याची खात्री करतात आणि तो लगेच पुन्हा बंद करून ठेवतात. मग न्याहारी करून गाडी काढतात. गेटवर नाव लिहितात, मामांशी पाऊसपाण्याचं बोलतात, झाडूच्या खोलीत चौरंगासमोर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून लॅपटॉप उघडतात, शेजारी एक स्क्रूड्रायव्हर दिसेल असा ठेवतात. दोन चहा होतात. अकाउंटंट दारातून डोकावून जातात. अकरा-साडेअकराला ते एकदा एंटर दाबतात आणि अख्ख्या कारखान्यातले फोन वाजायला लागतात.

रिपोर्टवर सही होते, शिक्का बसतो, व्हिजिट चार्ज पूर्ण मिळतो. वर अकाउंटंट त्यांना दारापर्यंत पोचवायला येतात आणि खालच्या आवाजात म्हणतात, "तुम्ही स्वतः आलात म्हणून झालं बघा. ते तुमच्या दुकानातले पोरगे लांबून काय काय करतात, त्यांना सांगा जरा."